पहिली कात्री कुणाची

४ फेब्रुवारी

टाचणीस मामाचे आशीर्वाद, आणि सोबत एक चपराक.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला मी नुसतं ‘हो हो’ म्हणतो, हे तुझ्या आईने तुला सांगितलंच असेल. चाळीस वर्षं सहा शिलाई मशिनांच्या मध्ये बसल्यावर कानांनी राजीनामा दिला, त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून हे पत्र.

तू लिहून दिलेला प्रोग्रॅम सोमवारी वर्कशॉपमध्ये चालू केला. म्हणजे आमच्या चिरंजीवांनी केला. मी आणि बाई लांब उभे राहून बघत होतो, कारण आम्हाला फक्त कपडे शिवता येतात. पहिलीच ऑर्डर बसड्रायव्हरांच्या पँटींची. यंत्राने चिठ्ठी छापली. कंबर विचारली, उंची विचारली, ठीक. खाली पुढचा प्रश्न: कॉलर किती इंच? बाही पूर्ण की अर्धी?

डोकं असलेला माणूस इथे हसला असता. चिरंजीव हसले नाहीत. ‘सिस्टिम विचारतेय म्हणजे लागत असेल,’ असं म्हणून त्यांनी टेप उचलली, एका धिप्पाड ड्रायव्हरच्या मांडीभोवती गुंडाळली आणि ‘बाही पूर्ण’ असं भरून टाकलं. ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, ‘मास्तर, हे तुमचेच का?’ मी म्हटलं, हॉस्पिटलात अदलाबदल झाली असावी.

बाई बावीस वर्षं आमच्या कटिंगच्या टेबलावर आहेत, पण त्यांना मोठ्याने हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा तुझ्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला.

१ जूनला वर्कशॉप मी चिरंजीवांच्या नावावर करतो आहे. वकिलाने कागद तयार ठेवलेत. तोवर पँटींच्या कॉलरी काढ.

मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चपराक पोचली. चूक माझी आहे, पण मांडीला टेप लावणारा हात तुझ्या घरातला आहे, हे विसरू नकोस.

झालं काय ते तुझ्या भाषेत सांगते. तुझ्या भिंतीवर खिळ्याला कागदाचे खाके टांगलेले असतात ना, तसा प्रोग्रॅममधला आमचा क्लास. खाका कुणी अंगात घालून फिरत नाही. त्यावरून जो शर्ट कापतोस, तो ऑब्जेक्ट. खाका एक, शर्ट चारशे. आता समजा एक खाका दुसऱ्या खाक्याचा वारस केला, तर बापाकडे जे काही असेल ते मुलाला न मागता मिळतं. मुलात फक्त जे वेगळं असेल तेवढं लिहायचं. यालाच आम्ही इनहेरिटन्स म्हणतो आणि पहिल्या वर्षी त्याच्या प्रेमात पडतो.

मी आळस केला. शर्टाच्या खाक्यात कापड, रंग, दोरा, उंची, गिऱ्हाइकाचं नाव सगळं आधीच लिहिलेलं होतं, म्हणून मी पँटला शर्टाची मुलगी करून टाकलं. दोन दिवसांचं काम वाचलं. पण वारसा निवडून निवडून घेता येत नाही. दोऱ्याबरोबर कॉलरही आली.

यावर एक साधी कसोटी आहे. मोठ्याने म्हणून बघायचं: ‘पँट हा एक प्रकारचा शर्ट आहे.’ म्हणताना जीभ अडखळली तर नातं खोटं. आता मी वर एकच ‘कपडा’ ठेवलाय आणि शर्ट, पँट, कोट ही त्याची सख्खी भावंडं. कॉलर शर्टाच्या खोलीतून बाहेर येणार नाही.

राहिली माणसं. कटिंग करणारे, शिवणारे, काजं-बटणं करणारे, त्यांचं जमलं. मालक कुणाच्या खाली घालू? माझं म्हणणं, मालक वेगळा असावा आणि त्याच्या हाताशी एक कटर द्यावा. मालक म्हणजे कटरचाच एक प्रकार, असं थोडंच आहे? पण वर्कशॉप तुझं आहे. तू सांग.

टाचणी


१५ फेब्रुवारी

टाचणीस,

तीन भावंडं आणि एक बाप, म्हणजे तुझ्या यंत्रात आता भाऊबंदकी सुरू होणार. माझ्या शुभेच्छा.

मालक वेगळा म्हणतेस? कटर हाताशी द्यायचा म्हणतेस? तुझ्या ऑफिसात चालत असेल. ज्याला काही येत नाही त्याला तिथे खुर्ची देतात आणि ज्याला येतं त्याला त्याच्या हाताशी देतात. आमच्याकडे मालक म्हणजे आधी कटर, मग मालक. तू इथे टेबलाखाली खेळून मोठी झालीस आणि हे विसरलीस?

नवी ऑर्डर आली की तिचा पहिला कपडा मालकाने स्वतःच्या हाताने कापायचा. पहिली कात्री मालकाची. त्या कापडाचा एक कोपरा ऑर्डरच्या चिठ्ठीला टाचायचा, खाली मालकाने सही करायची. बाकीचे शंभर असोत की हजार, सगळे त्या कोपऱ्याला धरून कापायचे. मग काही बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या वडिलांनी हे केलं, मी करतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा असंच लिही. ज्याला पहिली कात्री मारता येत नाही, त्याला तुझ्या यंत्राने मालक म्हणून उभंच करू नये. कुणी कितीही बटणं दाबू देत. हे जमतं का, की तुमच्या शास्त्रात फक्त पँटींना कॉलरी फुटतात?

चिरंजीवांची काळजी करू नकोस. शिकतील. रक्तातच आहे.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

जमतं. त्यासाठी मुद्दाम अर्धवट ठेवलेला क्लास असतो. वर ‘कटर’ ठेवलाय. त्यात ‘पहिली कात्री’ असं नुसतं नाव लिहिलंय, ती कशी मारायची ते लिहिलेलं नाही. जो कुणी त्याचा वारस होईल त्याने ती जागा स्वतःच्या पद्धतीने भरायची. नाही भरली तर यंत्र त्याला जन्मच देत नाही. ‘मालक’ आता त्या कटरचा वारस आहे. तुझी आज्ञा तंतोतंत पाळली. ‘रक्तातच आहे’ असा रकाना मात्र ठेवलेला नाही.

मागच्या आठवड्यात दोन दिवस तिकडे येऊन बाईंजवळ बसले, तेव्हा तू नेमका दोन्ही दिवस दाताच्या डॉक्टरकडे. किती दात आहेत रे तुला? बाईंची पद्धत उतरवून घेतली, नऊ पानं झाली. कापड पसरल्यावर त्या आधी तळहात फिरवतात ते कशासाठी, घडी कुठून घालायची, कात्री कुठे थांबवायची नाही. बाई डावखुऱ्या, त्यामुळे जोड जुळवायच्या खाचा त्यांच्या हातून डावीकडे कलतात. उजव्या हाताच्या माणसाच्या उजवीकडे. त्याचं मला वेगळं चित्र काढावं लागलं. एवढं सगळं सांगितलं, पण ‘हे कशाला हवंय’ असं एकदाही विचारलं नाही. चिरंजीवांनी तीनदा चहा पाठवला. इतकं प्रेम त्यांनी मला आयुष्यात दाखवलेलं नाही.

आता तुझी पद्धत पाठव. एक पान पुरे.

टाचणी


२० मार्च

टाचणीस अनेक आशीर्वाद, आज चपराक नाही!

बुधवारी जे झालं ते बघायला तू इथे हवी होतीस. नर्सेसच्या कोटांची ऑर्डर घेऊन हॉस्पिटलच्या एक मॅडम आल्या होत्या. चिरंजीव माझ्या खुर्चीत. ‘एक जूनपासून मीच बघणार आहे,’ असं म्हणत त्यांनी मॅडमना सिस्टिम दाखवायला घेतली, आणि मालकाच्या जागी स्वतःला घालून बटण दाबलं. पडदाभर लाल अक्षरं: ‘मालक तयार होत नाही. पहिली कात्री भरलेली नाही.’ त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मॅडमनी चष्मा नाकावर सरकवून वाचलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, ‘मग तुम्ही कोण?’

माझ्या कानांनी इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ काही ऐकलं नव्हतं.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरवणारं यंत्र तू बनवलंस, शाबास. मग चिरंजीवांनी रागारागाने कात्री घेतली आणि कोट कापायला गेले. कापला. त्याला दोन्ही पुढचे भाग डाव्या बाजूचे निघाले. चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत. घर कसं शांत आहे.

माझ्या पद्धतीचं काय लिहायचं? बाईंचीच उतरवून घाल. त्यांना शिकवलं कुणी, मीच ना? सध्या गुडघाही दुखतो.

मामा


२६ मार्च

प्रिय मामा,

कापड गुडघ्याने कापत नाहीस ना?

हसणं जरा थांबव. चिरंजीवांचा मला मेल आलाय. त्यांचेच शब्द देते: ‘बाईंची पद्धत वरच्या कटर क्लासमध्ये टाक, म्हणजे खालच्या सगळ्यांना ती आपोआप मिळेल. मलाही मिळेल. मग बाईंचं नाव काढलं तरी काही अडत नाही. एक जूनपासून मी साधा कटर ठेवणार आहे.’

दुःखाची गोष्ट ही, की त्यांचं बरोबर आहे. असं करता येतं. रिकामी जागा बापाच्याच क्लासमध्ये भरून ठेवली की मुलांनी काही भरायची गरज उरत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. तुझ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट कळलं, आणि ते हे. मग यंत्र त्यांना मालक म्हणून आनंदाने उभं करील. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मला मात्र लाज वाटते. तीनदा चहा का आला ते आता कळलं. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघून नऊ पानं सांगितली आणि मी त्यांना घालवायची तयारी करत होते. मी अजून काही बदललेलं नाही. तू ‘नाही’ म्हण, मी त्यांना तसं कळवते. मालक अजून तूच आहेस.

जुन्या ऑर्डरी भरण्यासाठी त्यांनी चिठ्ठ्यांची दोन खोकी पाठवली आहेत. शनिवारी उघडते. तू तर एक पान लिहीत नाहीस, तुझी पद्धत मीच त्या कोपऱ्यांवरून शोधून काढते.

टाचणी


३१ मार्च

टाचणीस,

ती खोकी उघडू नकोस. जुन्या चिंध्या आहेत, धुळीने तुला शिंका येतात. आहेत तशी परत पाठव.

चिरंजीव म्हणतात तसं करून टाक. मालक शेवटी तेच होणार आहेत. बाईंचं काय ते मी बघतो. प्रत्येक ठिकाणी टोचलंच पाहिजे असं नाही.

मामा


१२ एप्रिल

मामा,

शिंका आल्या. पण खोकी तुझ्या पत्राच्या आधीच उघडली होती, ते सोमवारी आलं.

चिठ्ठ्या जमिनीवर वर्षांप्रमाणे मांडल्या. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांवरचे कोपरे बघून मला इतका अभिमान वाटला! कात्री एका दमात गेलेली, कुठे पायरी नाही. खाचा उजवीकडे कललेल्या. लहानपणी बघितलेला तुझा हात तो हाच. मग अकरा वर्षांपूर्वीचा जुलै येतो. एक आठवडा चिठ्ठीच नाही. त्यानंतरच्या पहिल्या चिठ्ठीवर खाच डावीकडे कललेली. पुढचीवरही. मी मोजल्या. तीन हजार दोनशे सोळा चिठ्ठ्या, एकूण एक डावीकडे. आणि प्रत्येकीखाली तुझी सही, चांगली ऐसपैस, शेपटी काढलेली.

तू डावखुरा कधी झालास, मामा?

आयत्या बिळावर नागोबा म्हणून आपण दोघं दोन महिने कुणाला हसत होतो? चिरंजीव बिचारे उघड उघड बटण दाबून मागतात. तू तर विचारलंही नाहीस. बाईंचा हात वर ढकलला, नाव आपलं ठेवलं, आणि ते सुद्धा यंत्राशिवाय. मी काल तुझीच कसोटी तुला लावून पाहिली. मालकाच्या जागी तुला घातलं. लाल अक्षरांत तेच वाक्य आलं. बापलेकांना एकच.

मी चिडले आहे, कारण ‘मालक म्हणजे आधी कटर’ हे मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून लिहिलं. एक सांग. बाईंनी कधी काही म्हटलं का? आणि एक जूनला तू काय करणार आहेस? चिरंजीव म्हणतात तसं मी करणार नाही. दुसरा कुणी शोध.

टाचणी


९ मे

टाचणी,

महिनाभर उत्तर दिलं नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून खरडायला बसायचो आणि तुझ्या आईची तब्येत विचारून पान संपवायचो. ती पानं फाडली.

अकरा वर्षांपूर्वीच्या जुलैत एका हॉटेलच्या वेटरांची जाकिटं आली होती. काळं जाड कापड. पहिली कात्री लावली आणि हात थरथरला. कात्री खाक्याची रेघ सोडून पार छातीपर्यंत गेली. मी ते कापड शर्टाखाली कोंबून घरी नेलं. आठवडाभर टेबलाकडे फिरकलो नाही. मग बाईंना म्हटलं, ‘जरा सुरुवात करून ठेवा, मी आलोच,’ आणि मागे नळावर जाऊन हात धूत उभा राहिलो. परत आलो तेव्हा त्यांचं कापून झालं होतं. कोपरा टाचून चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली होती, शेजारी पेन. मी सही केली. त्या काही बोलल्या असत्या तर मी कदाचित खरं सांगितलं असतं. बघ, अजून दोष त्यांनाच देतोय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

पुढच्या ऑर्डरला पुन्हा ‘आलोच’. अकरा वर्षं मी ‘आलोच’ म्हणतोय. तू आलीस ते दोन दिवसही दात दुखत नव्हते. तू कात्री हातात देशील म्हणून घाबरून बागेत बसलो होतो.

डॉक्टर म्हणतात, ही थरथर आनुवंशिक आहे. ते खरं आहे, आणि ते मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. माझ्या वडिलांचाही हात शेवटी थरथरायचा. त्यांची शेवटची सहा वर्षं पहिली कात्री कोण मारत होतं? मी. आणि सही त्यांची. मी चोविशीत होतो. प्रत्येक सहीला मी मनात त्यांना शिव्या घालायचो. त्या शिव्या मला आजही आठवतात, आणि त्या आठवत असताना मी बाईंपुढून चिठ्ठ्या उचलल्या. मी तर मुलगा होतो, मला निदान वर्कशॉप मिळालं. त्यांना काय मिळालं? पगार, आणि तू नऊ पानं लिहून नेलीस. मला स्वतःची फार शरम वाटते, टाचणी. एवढं एकच वाक्य लिहायला महिना गेला.

काल बाईंना टेबलापाशी उभं राहून सगळं सांगितलं. चिरंजीव ऐकत होते, त्यांच्यासमोरच. म्हटलं, वर्कशॉप तुमच्या नावावर करतो. चिरंजीवांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण माझंही झालं असणार. बाईंनी कात्री पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘विचार करून सांगते.’ मग जेवायला गेल्या.

मामा


१६ मे

टाचणीस,

तू टेबलाखाली बसून सांडलेल्या टाचण्या तोंडात घालायचीस आणि मी तुझ्या गालात बोट घालून काढायची. त्यावरून तुझं नाव पडलं. त्या हक्काने लिहिते.

मास्तरांनी तुला कळवलंच असेल. तुला वाटत असेल मी आनंदाने रडले वगैरे. नाही. अकरा वर्षं रोज त्यांना नळावर हात धुताना बघितलं. इतके स्वच्छ हात गावात कुणाचे नसतील. मला खरं माहीत होतं, मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि आम्ही दोघं कपड्यांच्या गोष्टी बोलायचो. मी का बोलले नाही असं तू विचारशील. घरी दोन मुलं होती आणि डावखुऱ्या बाईला कटर म्हणून ठेवणारा दुसरा कुणी नव्हता.

तुझ्या भावाचा बेतही मला पहिल्या चहाला कळला. नऊ पानं सांगितली ती बावळट म्हणून नाही. कोटाचा खांदा कसा कापायचा ते त्यात आहे का, शोधून बघ. नाहीये. त्यांनी ते खुशाल बापाच्या क्लासात टाकावं, शंभर मुलांना मिळू दे. सगळ्यांचे खांदे पडतील.

वर्कशॉप घ्या म्हणाले. मी त्यांना काल सांगितलं, मास्तर, काही द्यायच्या आधी घेतलेलं परत करा. माझ्या तीन हजार दोनशे सोळा चिठ्ठ्या आहेत, तूच मोजल्यास म्हणे. त्या प्रत्येकीवरची सही खोडायची आणि शेजारी माझं पूर्ण नाव लिहायचं. त्यांच्या हाताने. तू यंत्रात एका फटक्यात सगळी नावं बदलशील हे मला कळतं, आणि म्हणूनच सांगते, तसं करू नकोस. मी एकेक कापली आहे. त्यांनी एकेक लिहावी. ते झाल्यावर वर्कशॉपचं काय ते बोलू. हो म्हणेन की नाही, मला अजून माहीत नाही. पलीकडच्या रस्त्यावर एक खोली बघून ठेवली आहे.

खोकी परत पाठव. आणि यंत्रात मालकाची जागा तूर्त रिकामी ठेव. लाल अक्षरं दिसू देत, ड्रायव्हर लोकांना आवडतात.

बाई


३१ मे

टाचणीस आशीर्वाद.

खोकी पोचली. वकिलाला कागद फाडायला सांगितले. तो म्हणाला, मग नवे कुणाच्या नावाने करू? मी म्हटलं, थांबा, मलाही अजून सांगितलेलं नाही.

आजवर सातशे अठ्ठावीस चिठ्ठ्या झाल्या. हात थरथरतो त्यामुळे एका नावाला दोन मिनिटं लागतात. बाईंचं पूर्ण नाव इतकं लांब आहे हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. समोर चिरंजीव बसतात आणि एकेक चिठ्ठी तारीख वाचून पुढे सरकवतात. आधी दोन दिवस तोंड वाकडं होतं. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, ‘बाबा, हे किती सरळ कापलंय.’ मी म्हटलं, हो.

काल त्यांनी मला विचारलं, हे सगळं लिहून झाल्यावर बाई हो म्हणतील ना? मी म्हटलं, मला विचारायची हिंमत नाही, तू विचार. त्यांनी खरंच उठून विचारलं. बाई कोट कापत होत्या, वर न बघता म्हणाल्या, ‘आधी लिहून होऊ दे.’ ते परत येऊन बसले आणि आम्ही पुढची चिठ्ठी घेतली.

संध्याकाळी निघताना बाई आमच्या टेबलापाशी थांबल्या. ढिगातली एक चिठ्ठी उचलली, उजेडाकडे धरली, आणि माझ्यापुढे परत ठेवली.

‘मास्तर, हे नीट वाचता येत नाही.’

मी म्हटलं, ‘हात थरथरतो हो, बाई.’

‘थरथरू दे,’ त्या म्हणाल्या. ‘नाव वाचता आलं पाहिजे.’

त्या गेल्यावर ती चिठ्ठी मी पुन्हा लिहिली.

मामा